डिजिटल खरेदी, वर्गणी आणि डिस्क: घरी चित्रपट पाहण्याच्या तीन मार्गांचे परीक्षण

घरी चित्रपट पाहण्यासाठी पैसे मोजण्याचे आज तीन मार्ग आहेत. महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी भरून एखाद्या स्ट्रीमिंग सेवेवरचे हवे ते पाहता येते. एखादा ठरावीक चित्रपट डिजिटल दुकानातून भाड्याने किंवा कायमचा म्हणून विकत घेता येतो. किंवा डीव्हीडी अथवा ब्लू-रे डिस्क आणून ती प्लेअरमध्ये लावता येते. नागपुरातल्या माझ्या घरी ५५ इंची फोर-के टीव्ही, एक साधा साउंडबार, फायबरचे इंटरनेट आणि ब्लू-रे प्लेअर आहे, आणि या तिन्ही मार्गांनी आम्ही घरची मंडळी सतत चित्रपट पाहत असतो. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, एकदा पाहून सोडून द्यायच्या चित्रपटासाठी वर्गणी किंवा भाडे पुरेसे असते, जो चित्रपट पुन्हा पुन्हा पाहायचा आहे त्याची डिस्कच घ्यावी, आणि डिजिटल खरेदीवर पैसे घालवण्याचे सबळ कारण फार थोड्या वेळा सापडते. हे मत कशाच्या आधारावर बनले ते सविस्तर सांगतो, कारण मित्रमंडळींत आणि नात्यात नवा टीव्ही आला की हा प्रश्न हमखास निघतो.

सुरुवात डिजिटल खरेदीपासून करतो, कारण तिच्याविषयीच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ॲपलचे आयट्यून्स स्टोअर भारतात डिसेंबर २०१२ मध्ये आले, गूगलने २०१३ मध्ये आपल्या प्ले स्टोअरवर चित्रपट द्यायला सुरुवात केली, आणि आज ॲपलच्या टीव्ही ॲपवर व यूट्यूबवर चित्रपट विकतही घेता येतात आणि भाड्यानेही मिळतात. प्राइम व्हिडिओने २०२२ मध्ये भाड्याची सोय सुरू केली. तिच्यासाठी प्राइमची वर्गणी असावीच लागते असे नाही. भाड्याचे नियम सगळीकडे जवळपास सारखेच आहेत: पैसे भरल्यापासून साधारण ३० दिवसांत चित्रपट सुरू करायचा आणि एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवायचा. हा व्यवहार मला पूर्णपणे सरळ वाटतो, कारण किती पैशांत किती वेळ हे दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक असते. खरेदीची किंमत मात्र माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा भाड्याच्या तिप्पट-चौपट असते, आणि त्या जादा पैशांच्या बदल्यात ग्राहकाला मिळतो तो फक्त चित्रपट पाहण्याचा परवाना. चित्रपटाची फाइल त्याच्या ताब्यात कधीच येत नाही. डाउनलोड केली तरी ती त्याच ॲपमध्ये, त्याच खात्यावर आणि ठरावीक उपकरणांवरच उघडते. दुकान आणि चित्रपटाचा हक्कदार यांच्यातला करार, खुद्द ते दुकान आणि ग्राहकाचे खाते या तिन्ही गोष्टी शाबूत असतील तोपर्यंतच ही खरेदी टिकते, आणि यांतल्या पहिल्या दोन गोष्टींवर ग्राहकाचा काडीचाही अधिकार चालत नाही.

ही शंका हवेतली नाही. सोनीने प्लेस्टेशन स्टोअरवरची चित्रपटांची विक्री ऑगस्ट २०२१ मध्ये बंद केली, तेव्हा आधी घेतलेले चित्रपट पाहता येत राहतील असे सांगण्यात आले होते. पुढच्याच वर्षी, ३१ ऑगस्ट २०२२ पासून, जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या ग्राहकांच्या संग्रहातून स्टुडिओकॅनाल या कंपनीचे विकत घेतलेले चित्रपट काढून टाकले गेले, कारण परवान्याचे करार बदलले होते. डिसेंबर २०२३ मध्ये डिस्कव्हरीच्या विकत घेतलेल्या मालिकांबाबतही हीच घोषणा झाली. तिच्यावर मोठी ओरड झाली, नवा करार झाला आणि ती मागे घेतली गेली, पण आपला संग्रह दोन कंपन्यांच्या बोलणीवर अवलंबून आहे हे त्या महिन्यात हजारो लोकांना कळून चुकले. त्याआधी, अनेक हॉलिवूड स्टुडिओंनी मिळून उभारलेली अल्ट्राव्हायोलेट ही डिजिटल कपाटाची (विकत घेतलेले चित्रपट ऑनलाइन एकत्र ठेवण्याची) योजना ३१ जुलै २०१९ रोजी गुंडाळली गेली. मायक्रोसॉफ्टने जुलै २०२५ मध्ये चित्रपटांची विक्री थांबवली. तिथले जुने ग्राहक आपले चित्रपट अजून पाहू शकतात. गूगलच्या बाबतीतही नोंद करायला हवी की, प्ले मूव्हीज हे ॲप जानेवारी २०२४ मध्ये बंद झाले तरी लोकांच्या खरेद्या यूट्यूब आणि गूगल टीव्हीवर सुरळीत पोचल्या. म्हणजे प्रत्येक दुकान ग्राहकाला वाऱ्यावर सोडते असे मुळीच नाही. परंतु कोणते दुकान कसे वागेल हे पैसे भरताना सांगता येत नाही, आणि चित्रपट गेल्यास भरपाई मिळेलच अशी हमी मला कुठल्याही अटी-शर्तींत आढळली नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू झाला आहे की, डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला केवळ परवाना मिळत असल्यास विक्रेत्याने तसे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. असे एक वाक्य आपल्याकडच्या खरेदीच्या पानावरही ठळक अक्षरांत असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

रोजच्या वापरातल्या अडचणी याहून लहान आहेत, पण त्या लवकर जाणवतात. डिजिटल चित्रपट शेजाऱ्यांना पाहायला देता येत नाही, जुना झाला म्हणून विकता येत नाही, आणि आपल्या पश्चात मुलांकडे जाईल याची खात्री नसते. ॲपलवर कुटुंबातील सहा जणांपर्यंत खरेदी वाटून घेता येते, ही सोय चांगली आहे आणि ज्यांच्या घरात आधीपासून त्या कंपनीची उपकरणे आहेत त्यांनी तिचा जरूर विचार करावा. मात्र घरातले कोणी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी गेले आणि तिथे खात्याचा देश बदलला, तर इथे घेतलेले चित्रपट तिथे मिळतीलच असे नाही. लॅपटॉपवर पाहणाऱ्यांची वेगळीच पंचाईत होते: नक्कल रोखण्यासाठी बसवलेल्या संरक्षणामुळे अनेक सेवा साध्या ब्राउझरमध्ये पूर्ण दर्जाचे चित्र देतच नाहीत, त्यामुळे पैसे एचडीचे भरले तरी समोर दिसणारे चित्र त्याहून धूसर असते. एवढे सगळे असूनही एका प्रसंगी मी डिजिटल खरेदीची शिफारस करीन. नागपूर-पुणे असा रात्रभराचा रेल्वेप्रवास वरचेवर करणाऱ्या कुटुंबात लहान मूल असेल, आणि ते एकच चित्रपट टॅबलेटवर दर प्रवासात पाहत असेल, तर तो विकत घेऊन डाउनलोड करून ठेवणे सोयीचे पडते. दोन-तीन वर्षांत मुलाची आवड बदलते आणि परवाना पुढे टिकला काय, न टिकला काय, फारसे बिघडत नाही.

वर्गणीच्या सेवांबद्दल मी तक्रारीच्या सुरात बोलू इच्छित नाही, कारण त्यांनी आमच्या घरचे पाहणे खरोखर समृद्ध केले आहे. नेटफ्लिक्स भारतात जानेवारी २०१६ मध्ये आले, प्राइम व्हिडिओ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, आणि त्यानंतर मल्याळम, तमिळ, कोरियन, इराणी असे जे चित्रपट आम्हाला एरवी पाहायला मिळालेच नसते ते जेवणानंतर सहज पाहता येऊ लागले. नव्या मराठी चित्रपटांसाठी तर प्राइम, झी-फाइव्ह आणि केवळ मराठीला वाहिलेल्या अल्ट्रा झकाससारख्या सेवा हाच मुख्य आधार उरला आहे, कारण अलीकडच्या मराठी चित्रपटांची डिस्क मला दुकानात जवळपास दिसतच नाही. सबटायटल हव्या त्या आकारात लावता येतात, याचे मोल कमी ऐकू येणाऱ्या ज्येष्ठांच्या घरातच कळते.

पैशांचा हिशेब मात्र डोळसपणे करावा. लिहितेवेळी नेटफ्लिक्सचे भारतातले चार दर महिन्याला १४९, १९९, ४९९ आणि ६४९ रुपये आहेत. १४९ रुपयांत फक्त मोबाइल आणि टॅबलेट चालतो. १९९ रुपयांत टीव्ही चालतो, पण चित्र ७२० रेषांचे मिळते. ४९९ रुपयांत फुल एचडी आणि ६४९ रुपयांत फोर-के. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत मोठा फोर-के टीव्ही घेऊन त्यावर १९९ रुपयांची योजना चालू आहे आणि चित्र फिके दिसले की दोष टीव्हीला दिला जातो. फोर-केची योजना वर्षभर ठेवली तर ७,७८८ रुपये होतात. प्राइमची वार्षिक वर्गणी १,४९९ रुपये आहे, पण १७ जून २०२५ पासून भारतात तिच्यात जाहिराती आल्या आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये मोजावे लागतात. भर चित्रपटात येणारी जाहिरात मला सहन होत नाही. गाणे संपून दृश्य स्थिरावत असते, पात्राच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटणार असते आणि तेवढ्यात कपडे धुण्याची पावडर पडद्यावर येते. दिग्दर्शकाने आणि संकलकाने महिनोन्महिने खपून जमवलेली लय त्या अर्ध्या मिनिटात मोडते. या एका कारणासाठी मी ते जादा पैसे भरतो आणि इतरांनाही भरायला सांगतो.

वर्गणीचा खरा तोटा असा की, तिथला चित्रपट कोणत्याही दिवशी निघून जातो. सेवा चित्रपटांचे हक्क ठरावीक मुदतीसाठी घेतात आणि मुदत संपली की यादीतून नाव जाते. आईने एका सेवेवर अर्धा पाहून ठेवलेला जुना मराठी चित्रपट पुढच्या आठवड्यात तिथे नव्हता आणि दुसऱ्या कुठल्याही सेवेवरही सापडला नाही. जानेवारी २०२४ मध्ये तर एका तमिळ चित्रपटावर तक्रारी झाल्यानंतर, प्रदर्शित होऊन काही आठवडेच झालेले असताना, तो नेटफ्लिक्सवरून काढून घेण्यात आला. ज्याला तो पाहून स्वतःचे मत बनवायचे होते त्याच्यासाठी दार बंद झाले. कपाटातल्या डिस्कला असे कोणी हात लावू शकत नाही, आणि तिच्यावरची संवादाची एक ओळसुद्धा कोणाला मागाहून बदलता येत नाही.

आता चित्र आणि ध्वनी यांकडे वळतो, कारण डिस्कची बाजू इथे सर्वांत भक्कम आहे आणि आकड्यांनी ती मोजताही येते. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी सेकंदाला ५ मेगाबिट आणि फोर-केसाठी १५ मेगाबिट वेगाची शिफारस करते. म्हणजे चित्र साधारण तेवढ्याच प्रवाहात बसवले जाते. साध्या ब्लू-रेवर एकट्या चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते. फुल एचडी स्ट्रीमिंग आणि ब्लू-रे या दोन्हींत चित्राच्या बिंदूंची (पिक्सेलची) संख्या तीच, १९२० गुणिले १०८०, तरी प्रत्येक क्षणाला मिळणारी माहिती कितीतरी वेगळी. उजेडातल्या दृश्यांत हा फरक फारसा दिसत नाही आणि ज्यांचा टीव्ही ३२ इंची आहे त्यांनी त्यासाठी जीव टाकण्याची गरज नाही. फरक दिसतो तो अंधारात, धुक्यात, पावसात आणि पाण्यावर. एका जुन्या हिंदी चित्रपटातले रात्रीचे दृश्य मी दोन्ही मार्गांनी लागोपाठ लावून पाहिले आहे: ओसरीच्या कोपऱ्यात कंदील, त्याच्या मागे चुन्याची भिंत आणि भिंतीवर हळूहळू विरत जाणारा पिवळा उजेड. स्ट्रीमिंगवर तो उजेड विरत नाही. कंदिलाभोवती एकाबाहेर एक अशी कडा असलेली वर्तुळे पडतात आणि कोपऱ्यातला काळोख बारीक चौकोनांनी वळवळत राहतो. ब्लू-रेवर तीच भिंत सलग दिसते, चुन्याचा खरखरीतपणा दिसतो, आणि मूळ फिल्मचे दाणे हलत असले तरी ते फिल्मचे आहेत हे कळते. छायाचित्रकाराने ज्या दृश्यावर सर्वाधिक कष्ट घेतले असतील नेमके तेच दृश्य दाबून बसवलेल्या प्रवाहात आधी मोडते, याचे मला वाईट वाटते.

ध्वनीचेही तसेच आहे. ब्लू-रेवर डॉल्बी ट्रू-एचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ यांसारखे काहीही न गाळता साठवलेले ध्वनिमुद्रण असू शकते. स्ट्रीमिंगवर येणारा ध्वनी, ॲटमॉस (डॉल्बीची सभोवार ध्वनीची पद्धत) असे नाव दिसत असले तरी, सहसा बरेच काही गाळून लहान केलेला असतो. मात्र नागपूरकरांसाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. एप्रिल ते जूनमध्ये खिडकीत डेझर्ट कूलर पूर्ण वेगाने चालू असताना हा फरक साउंडबारवर जवळपास ऐकू येत नाही. तो ऐकायचा तर हिवाळ्याची रात्र हवी, पंखासुद्धा बंद हवा आणि सोबतीला दोन तरी वेगळे स्पीकर हवेत. ज्यांच्याकडे टीव्हीचेच स्पीकर आहेत त्यांनी केवळ ध्वनीसाठी ब्लू-रे घेऊ नये.

डिस्क म्हणताना सगळ्या डिस्क एका पंक्तीत बसवता येत नाहीत. आपल्याकडे ज्याला सरसकट सीडी म्हणतात ती व्हीसीडी ३५२ गुणिले २८८ बिंदूंची, म्हणजे जेमतेम एक लाख बिंदूंची. एका डिस्कवर सव्वा तासाच्या आसपासच चित्र मावते, म्हणून चित्रपट दोन-तीन डिस्कवर यायचा आणि ऐन रंगात आला की उठून डिस्क बदलावी लागायची. डीव्हीडीवर चार लाखांच्या आसपास बिंदू असतात, फुल एचडी ब्लू-रेवर सुमारे वीस लाख आणि २०१६ मध्ये आलेल्या फोर-के ब्लू-रेवर सुमारे ८३ लाख. आजच्या मोठ्या टीव्हीवर व्हीसीडी पाहणे डोळ्यांना त्रासदायक होते, हे स्पष्टच सांगतो. तरीही घरातल्या जुन्या व्हीसीडी फेकू नका. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा मराठी चित्रपट आणि रंगमंचावरून चित्रित केलेली मराठी नाटके घराघरांत पोचली, आणि त्यांतली कित्येक नाटके त्या संचात व त्या नटांसह पुन्हा पाहायची तर आजही तीच डिस्क शोधावी लागते. त्या कंपनीच्या अवसायनाचा, म्हणजे ती मोडीत काढण्याचा, आदेश २०१८ मध्ये निघाला. त्या काळातल्या डिस्क आता नव्याने निघण्याची शक्यता दिसत नाही. चांगल्या स्थितीतली डिस्क संगणकावर लावून पाहावी आणि जपून ठेवावी, एवढे तरी आपल्या हातात आहे.

नव्या डिस्क नागपुरात मिळणे दुर्मीळ झाले आहे. ऑनलाइन मागवता येतात, पण मराठी वा हिंदी चित्रपटांची निवड तोकडी असते आणि परदेशातून मागवल्यास टपालखर्च व सीमाशुल्क धरून किंमत बरीच चढते. मागवताना प्रदेशांची विभागणी लक्षात ठेवावी: डीव्हीडीच्या विभागणीत भारत पाचव्या प्रदेशात, तर ब्लू-रेच्या विभागणीत सी गटात येतो. अमेरिकेची ए गटाची किंवा इंग्लंडची बी गटाची कुलूपबंद डिस्क आपल्या प्लेअरवर चालणार नाही. फोर-के ब्लू-रेला मात्र असे प्रदेशाचे बंधन नाही.

वापरलेल्या डिस्कचा बाजार हा माझ्या मते सर्वांत आनंदाचा भाग आहे. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, म्हणजे बर्डीवर, ‘मोदी नंबर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांपासून फार दूर नाही अशा एका लहानशा दुकानात मी जात असतो. पुढे मोबाइलची कव्हरे आणि चार्जर टांगलेले आहेत, आणि मागच्या भिंतीला लागून लोखंडी मांडणीत डीव्हीडी व ब्लू-रे उभ्या लावलेल्या आहेत. एक जुना टीव्ही आणि प्लेअर कायम जोडलेला असतो. दुकानदार घाई करत नाहीत. "भाऊ, पहिले लाइटासमोर धरून पाहा, मग इथंच लावून पाहा, आन् मग पैसे द्या," हे त्यांचे ठरलेले सांगणे. गिऱ्हाईक कोण असते असे विचारल्यावर म्हणाले, "मधात तर कोणीच येत नव्हतं. आता कॉलेजचे पोट्टे येऊन राहिले, ब्लू-रेच मागतात." साध्या डीव्हीडीची किंमत तर्री-पोह्याच्या एक-दोन प्लेटींच्या आसपास असते, ब्लू-रे त्याहून बरीच महाग, आणि डिस्क घरी अडकली तर बदलून देतात. नकली माल ते ठेवत नाहीत, आणि माझा तिथला विश्वास मुख्यतः त्यावर आहे.

डिस्क कशी पारखावी हे त्यांच्याकडे पाहून शिकण्यासारखे आहे. कारखान्यात छापलेल्या अस्सल डिस्कची खालची बाजू चंदेरी असते. जांभळट किंवा निळसर झाक दिसली तर ती बहुधा घरी लिहिलेली नक्कल असते. डिस्क कडेने धरून ट्यूबलाइटखाली तिरपी करावी. मध्यापासून कडेकडे गेलेले सरळ ओरखडे फारसे नडत नाहीत, कारण त्यामुळे माहितीची लहान-लहान तुटच पडते आणि प्लेअर ती भरून काढतो. डिस्कच्या गोलाईबरोबर वळत गेलेला ओरखडा मात्र सलग माहिती खातो आणि चित्र तिथेच अडकते. नंतर डिस्क उजेडाच्या आड धरावी. सुईने टोचल्यासारखे प्रकाशाचे ठिपके दिसले तर आतला धातूचा थर झिजला आहे, ती घेऊ नये. व्हीसीडीची वरची, छापील बाजूही तेवढ्याच काळजीने पाहावी, कारण तिच्यात माहितीचा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो. डीव्हीडीत तो प्लास्टिकच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो, आणि ब्लू-रेत वाचण्याच्या बाजूने फक्त ०.१ मिलिमीटर आत. लावून पाहताना सुरुवातीची दोन मिनिटे पाहून समाधान मानू नये. मध्यावर आणि शेवटच्या प्रकरणावर उडी मारून पाहावे, कारण दोन थरांच्या डीव्हीडीत थर बदलतो तो बहुधा मध्याच्या आसपास, आणि कमजोर डिस्क तिथेच दम सोडते.

डिस्कचे दोषही सांगायलाच हवेत. आपल्याकडच्या अनेक स्वस्त डीव्हीडींत पडद्याच्या कोपऱ्यात कंपनीचे बोधचिन्ह चित्रपट संपेपर्यंत छापलेले असते, आरंभीच्या जाहिराती पुढे ढकलता येत नाहीत, आणि जुन्या चौकोनी चित्रपटांची वरची-खालची बाजू कापून ते आडव्या पडद्यावर ताणलेले असतात. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीत सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ च्या वेगाने पळतो, त्यामुळे १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि वेगाची भरपाई केली नसेल तर गाण्याची पट्टीही किंचित चढते. संगीताचा कान असलेल्यांना ते लगेच खटकते. डिस्क अमर असते हाही भ्रम आहे. वॉर्नर ब्रदर्सने २००६ ते २००८ या काळात निघालेल्या आपल्या काही डीव्हीडी आतून खराब होत असल्याचे २०२५ मध्ये मान्य केले आणि शक्य तिथे त्या बदलून देऊ केल्या. प्लेअरचा पुरवठाही आटतो आहे: ओप्पोने २०१८ मध्ये आणि सॅमसंगने २०१९ मध्ये नवे ब्लू-रे प्लेअर काढणे थांबवले.

त्यात आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेली डिस्क वाकू शकते. झिपच्या पिशवीतल्या प्लास्टिकच्या खिशांत भरून ठेवलेल्या डिस्क त्या उष्णतेत खिशाला चिकटतात आणि काढताना डाग राहतात. म्हणून त्या मूळ डब्यांत, पुस्तकांसारख्या उभ्या, घरातल्या आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवाव्यात. कूलरच्या वाऱ्याच्या झोतात येणारे कपाट टाळावे, कारण तिथे दमट हवा थेट लागते. पुसताना मऊ सुती कापड मध्यापासून कडेकडे सरळ ओढावे, गोल फिरवू नये. टूथपेस्ट लावण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. ब्लू-रेवर तो कधीही करू नये, कारण तिच्या वरच्या कठीण लेपाखाली घासायला जागाच नसते.

प्लेअर घ्यायचा तर डीव्हीडीचा स्वतंत्र प्लेअर आता घेऊ नये. ब्लू-रे प्लेअर डीव्हीडीही चालवतो आणि तिचे चित्र टीव्हीच्या आकाराला बऱ्यापैकी नीट वाढवतो. घरात डिस्कची फट असलेला प्लेस्टेशन ५ असेल तर वेगळ्या यंत्राची गरजच नाही. त्यावर फोर-के ब्लू-रेसुद्धा चालते, फक्त व्हीसीडी आणि ऑडिओ सीडी चालत नाहीत. जुना वापरलेला प्लेअर घेताना आपल्या घरची एक दोन थरांची डीव्हीडी आणि एक ब्लू-रे सोबत न्यावी. दोन्ही अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ चालवून पाहाव्यात, कारण थकलेली लेझर लेन्स यंत्र तापल्यावरच अडखळू लागते. पिवळी-लाल-पांढरी वायर लावण्याची सोय नव्या टीव्हींतून नाहीशी होत चालली आहे, तेव्हा एचडीएमआय आहे ना हे पाहावे. आणि रिमोटशिवाय मिळणारा प्लेअर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा: अनेक मॉडेलांच्या अंगावर चालू-बंद, सुरू आणि डिस्क बाहेर काढणे एवढीच बटणे असतात, मेनूतले बाण फक्त रिमोटवर असतात, आणि त्यांच्याविना भाषा किंवा सबटायटल निवडताच येत नाही.